पहिल्या सलाईनच्या आधी विचारायचा प्रश्न

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं आणि तेव्हापासून सांगली, सोलापूर, विजापूर, बेळगावकडची माणसं दुखणं घेऊन मिरज स्टेशनवर उतरत आली. इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी तपासतो तसंच वीर्यही तपासतो. हा लेख त्या शेवटच्या तपासणीतून आलेला आहे. कॅन्सरच्या केमोनंतर पुरुषाला मूल होण्याचं काय होतं, हा त्याचा विषय. ज्या माणसामुळे तो लिहावासा वाटला त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

तो खानापूर तालुक्याकडचा. तिकडची बरीच मंडळी गलाई व्यवसायात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात देशभर पसरलेली आहेत. हाही तमिळनाडूत चुलत्याच्या दुकानात होता. वय एकोणतीस, लग्नाला तीन वर्षं. मूल होत नाही म्हणून पहिली दोन वर्षं बायकोच्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, हार्मोन, गर्भनलिका मोकळ्या आहेत का याची दुखणारी तपासणी, सगळं झालं. सगळं नॉर्मल निघालं. त्यानंतर कुणाला तरी वाटलं, नवऱ्याचंही एकदा बघून घ्यावं.

फॉर्म भरताना मी विचारलं, "आधी काही मोठा आजार?"

"कॅन्सर झालता. पण तो पूर्ण बरा झाला."

मायक्रोस्कोपखाली मला एकही शुक्राणू दिसला नाही. अशा वेळी नमुना सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून तळाला बसलेला साका पुन्हा तपासतात. त्यातही काही नव्हतं. तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेतला. तोही तसाच. रिपोर्ट त्याच्या हातात दिला तेव्हा तो बराच वेळ कागदाकडं बघत उभा राहिला आणि मग त्यानं जे विचारलं ते मी विसरू शकलेलो नाही.

"सर, केमोत माझे सगळे केस गेलते. ते परत आले की. मग हे का नाही आलं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. केमोची औषधं जोरात वाढणाऱ्या पेशी मारतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, आतड्यात, हाडाच्या मगजात चांगल्या पेशीही भराभर वाढत असतात, म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी उतरतात. केमो संपली की हे सगळं बहुधा परत येतं. मग वीर्यातले शुक्राणू काही जणांचे परत येतात आणि काहींचे कायमचे जातात, असं का?

त्यासाठी शुक्राणू तयार कसे होतात ते आधी बघावं लागेल.

पुरुषाच्या प्रत्येक वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांच्या शेकडो गुंडाळ्या असतात. या नळीच्या भिंतीला अगदी बाहेरच्या कडेला चिकटून काही पेशी बसलेल्या असतात. त्या मूळपेशी. त्या सावकाश विभागतात. एक पेशी जागेवर राहते, दुसरी पुढच्या प्रवासाला निघते. निघालेल्या पेशी मात्र भराभर दुप्पट-चौपट होत, रूप बदलत, भिंतीपासून नळीच्या पोकळीकडं सरकतात. शेवटी डोकं आणि शेपूट असलेला शुक्राणू तयार होऊन पोकळीत पडतो. याला दोन-अडीच महिने लागतात, साधारण ६४ ते ७४ दिवस. त्यानंतर वृषणाच्या मागं सुमारे सहा मीटर लांबीची, गुंडाळून ठेवलेली एक नळी असते. त्या नळीतून जाताना शुक्राणू पोहायला शिकतो. त्यात आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणजे आज वीर्यात दिसणाऱ्या शुक्राणूची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झालेली असते.

कृष्णाकाठच्या माणसाला हे समजवायला उसाइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. ऊस तोडून नेला तरी बुडखा जमिनीत राहतो. पाणी दिलं, खत दिलं की त्याला फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो. वरचं पीक गेलं, पण मूळ शाबूत आहे. पण जमिनीत हुमणी असेल तर? ती मुळंच खाते. वरून ऊस काही दिवस हिरवा दिसतो, मग वाळतो, आणि त्या जागी परत काही उगवत नाही.

केमोची काही औषधं ऊसतोड करतात. काही औषधं हुमणीसारखी मुळाशी जातात. केस गेले आणि परत आले, कारण केसाचं मूळ बहुतेक वेळा जगतं. वृषणातलं मूळ जगलं की नाही, हे औषध कुठलं होतं आणि किती दिलं यावर ठरतं.

इथं शरीरातली एक गोष्ट या मूळपेशींच्या विरोधात जाते. नळीच्या आत एक भक्कम आडोसा असतो. रक्तातले बरेच पदार्थ त्या आडोशापलीकडं, तयार होत आलेल्या शुक्राणूंपर्यंत सहजासहजी पोहोचत नाहीत. पण मूळपेशी या आडोशाच्या बाहेर, रक्ताच्या बाजूला असतात. उंबऱ्याबाहेर बसलेल्या माणसासारख्या. औषध पहिलं त्यांनाच गाठतं.

आता हे सगळं चालू असताना पुरुषाचा आवाज, दाढी, इच्छा, ताठरता यांचं काय होतं? त्या गोष्टी ज्या हार्मोनवर चालतात ते टेस्टोस्टेरॉन नळ्यांत तयार होत नाही. ते नळ्यांच्या मधल्या जागेतल्या वेगळ्या पेशींमध्ये तयार होतं आणि या पेशी केमोला बऱ्याच चिवट असतात. म्हणून केमोनंतर अशक्तपणा गेला की बहुतेक पुरुषांचं लैंगिक आयुष्य पूर्ववत होतं. वीर्यही पहिल्यासारखंच येतं, कारण वीर्यातला द्रव मुख्यतः दुसऱ्या ग्रंथींमधून येतो. शुक्राणू त्यात आकारमानानं अगदी थोडे असतात. ते नसले तरी डोळ्यांना काहीच फरक कळत नाही. हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो. घरचे, कधी कधी रुग्ण स्वतःही, मूल न होणं आणि नपुंसक होणं या दोन गोष्टी एकच समजतात. त्या एक नाहीत. माझ्यासमोर उभा असलेला तो मुलगा धडधाकट होता, दाढी राखलेली होती, संसार नीट चाललेला होता. त्यामुळेच दोन वर्षं कुणाला त्याची तपासणी करावीशी वाटली नाही आणि त्याची बायको एकटी टेबलावर झोपत राहिली.

कुठलं औषध मुळाशी जातं

सगळ्यात जास्त भीती अल्कायलेटिंग गटाच्या औषधांची. या गटाचा जन्म युद्धात आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये जर्मनीनं बेल्जियममधल्या ईप्र इथं मस्टर्ड गॅस वापरला. नाव मोहरीचं असलं तरी मोहरीशी त्याचा संबंध नाही. त्या वायूनं मेलेल्या सैनिकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या. पांढऱ्या पेशी मारणारं रसायन पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरवर का चालू नये, या विचारातून १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात त्याच कुळातलं एक रसायन लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या रुग्णाला दिलं गेलं. केमोथेरपीची सुरुवात ती. आजची सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, मेल्फालान, क्लोरॅम्ब्युसिल ही औषधं त्या रसायनाची वंशज आहेत. बुसल्फान आणि प्रोकार्बाझिन यांचं कूळ थोडं वेगळं, पण काम तेच.

ही औषधं पेशीच्या डीएनएला थेट चिकटतात आणि त्याचे धागे एकमेकांत अडकवून टाकतात. पेशी त्या क्षणी विभागत असो किंवा निवांत असो, त्यांना फरक पडत नाही. वृषणातल्या मूळपेशी सावकाश चालणाऱ्या आहेत म्हणून त्यांना सूट मिळत नाही.

याउलट मेथोट्रेक्सेट, फाइव्ह-एफयू किंवा व्हिन्क्रिस्टिन यांच्यासारखी औषधं पेशी विभागत असतानाच तिला पकडतात. व्हिन्क्रिस्टिन आणि तिची बहीण विनब्लास्टिन ही दोन्ही आपल्या दारातल्या सदाफुलीतून मिळालेली औषधं. यांनी शुक्राणूंची संख्या उतरते, कारण प्रवासाला निघालेल्या पेशी भराभर विभागत असतात. पण मागं बसलेल्या मूळपेशी बऱ्याच अंशी वाचतात. म्हणजे ही ऊसतोड.

प्लॅटिनमची औषधं या दोन्हींच्या मध्ये बसतात. सिस्प्लॅटिनचं उदाहरण घेऊ. वृषणाच्या कॅन्सरला, जो मुख्यतः तरुणांना होतो, ब्लिओमायसिन, एटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन अशी तीन औषधं एकत्र देतात. एका सायकलमध्ये शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम सिस्प्लॅटिन जातं. तीन सायकल म्हणजे ३००, चार म्हणजे ४००. एकूण मात्रा ४०० च्या वर गेली की शुक्राणू परत न येण्याचा धोका बराच वाढतो. तीन-चार सायकलवर थांबलेल्या बहुतेकांचे शुक्राणू दोन ते पाच वर्षांत परत येतात. क्रिकेटपटू युवराज सिंगनं २०१२ मध्ये छातीतल्या जर्म सेल ट्यूमरसाठी, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरच्याच जातीच्या गाठीसाठी, अमेरिकेत केमो घेतली आणि पुढं तो दोन मुलांचा बाप झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या घरची गोष्ट त्याच्या घरची. मला फक्त एवढंच म्हणायचंय की कॅन्सर आणि बापपण या दोन गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात बसू शकतात.

इथं मात्रेबद्दल थांबून बोललं पाहिजे. रुग्ण विचारतात, "डॉक्टर, किती केमो?" आणि उत्तर मिळतं, "सहा." पण सहा कशाच्या? लिम्फोमासाठी दिल्या जाणाऱ्या 'चॉप' नावाच्या उपचारात दर वेळी चौरस मीटरला ७५० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड असतं. सहा वेळा म्हणजे ४,५०० मिलिग्रॅम. एकूण मात्रा ७,५०० च्या वर गेली की कायमच्या नुकसानीची शक्यता फार मोठी होते. ४,५०० वर शुक्राणू बहुतेकांचे शून्यावर जातात, पण पुढच्या काही वर्षांत बऱ्याच जणांचे परत येतात. म्हणजे फाइलमध्ये औषधाचं नाव आणि एकूण मात्रा या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असायला हव्यात. नुसतं 'केमो सहा' यावरून कुणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही.

हॉजकिन लिम्फोमात हा फरक आरशासारखा स्वच्छ दिसतो. जुन्या काळी या आजाराला जी चार औषधं देत त्यात मस्टर्ड गॅसचं ते भावंड आणि प्रोकार्बाझिन दोन्ही होती. रुग्ण बरे होत, पण दहातले नऊ पुरुष कायमचे शुक्राणूशून्य होत. नंतर 'एबीव्हीडी' आलं. त्यातलं लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन रुग्णांना सगळ्यात जास्त आठवतं. बाकीची तीन म्हणजे ब्लिओमायसिन, सदाफुलीचं विनब्लास्टिन आणि डॅकार्बाझिन. यात डॅकार्बाझिन सोडलं तर अल्कायलेटिंग जातीचं काही नाही आणि तेही या मात्रेत मूळपेशींना फारसं जाळत नाही. एबीव्हीडीनं शुक्राणू उतरतात आणि जवळजवळ सगळ्यांचे दीड-दोन वर्षांत पूर्ववत होतात. आजार तोच, बरा होण्याची आशा तीच, पण औषधं बदलली आणि हजारो तरुणांचं आयुष्य बदललं.

किरणोपचाराबद्दल थोडक्यात सांगतो. वृषणांवर थेट किंवा जवळून किरण पडले तर फार कमी मात्राही पुरते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाआधी पूर्ण शरीराला किरण किंवा मोठ्या मात्रेत बुसल्फानसारखी औषधं देतात, तेव्हा कायमच्या वंध्यत्वाचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आता त्या मुलाची फाइल. दुसऱ्या भेटीला त्यानं ती आणली, दोन इंच जाड. बाविसाव्या वर्षी मानेत गाठ, हॉजकिन लिम्फोमा, एबीव्हीडीच्या सहा सायकल, आजार गेला. इथपर्यंत त्याचे शुक्राणू परत येण्याची शक्यता उत्तम होती आणि बहुधा ते आलेही असतील. पंचविसाव्या वर्षी गाठ परत आली. या वेळी आयफॉस्फामाइडवाली केमो, मग स्वतःच्याच रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण, त्याआधी कारमस्टिन आणि मेल्फालानची मोठी मात्रा. ही हुमणी. आजार गेला, जीव वाचला आणि त्याच उपचारात वृषणातलं मूळही गेलं.

मी फाइलची पानं उलटत गेलो. डिस्चार्ज कार्डावर काय खावं, काय खाऊ नये, पाणी उकळून प्यावं, गर्दीत जाऊ नये, ताप १०० च्या वर गेला तर कुठं फोन करावा, सगळं नीट लिहिलेलं होतं. मुलाबाळांविषयी एक ओळ नव्हती. ना पहिल्या वेळी, ना दुसऱ्या वेळी. त्याला या गोष्टीसाठी दोन संधी होत्या. पहिली बाविसाव्या वर्षी, पहिल्या सलाईनच्या आधी. दुसरी पंचविसाव्या वर्षी, आजार परतला तेव्हा, नव्या केमोच्या आधी. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ सालीच सांगून ठेवलंय की प्रजननक्षम वयातल्या प्रत्येक रुग्णाशी उपचार सुरू होण्याआधी हा विषय बोलायचा. त्या रुग्णालयाचं नाव मी घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा जीव दोनदा वाचवलाय हे मी विसरत नाही. पण ही एक ओळ राहून गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि ती इतर फाइलींमध्येही राहते हे मी बघितलंय.

कांडी

त्या संधीचं नाव वीर्य गोठवून ठेवणं. आता लॅबमध्ये आहे, त्याआधी काही वर्षं मी एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये होतो आणि हे काम हातानं केलंय. तेव्हाची एक सकाळ सांगतो.

एकोणीस वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर, दुसऱ्या दिवशी केमो सुरू होणार. त्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. बरोबर वडील, वाळवा तालुक्यातले, धोतर-टोपी. मुलगा मान खाली घालून बसलेला. त्याला काय करायचंय ते कळलं होतं आणि बापासमोर ते करायचंय याचीच त्याला मरणाची लाज वाटत होती. वडिलांना नीटसं काही कळलेलं नव्हतं. मी त्यांना बाजूला घेऊन टाकी दाखवली. झाकण उघडल्यावर द्रवरूप नायट्रोजनचा पांढरा धूर वर आला आणि ते पटकन म्हणाले, "म्हंजे गाय भरवायला डॉक्टर येतो, त्याच्या कॅनसारखंच की हे."

"अगदी तेच."

"मग त्यात काय एवढं." ते आत गेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलले आणि बाहेर बाकावर येऊन बसले. दहा मिनिटांनी मुलगा नमुन्याची डबी घेऊन आला.

आपल्या जिल्ह्यात गोठा असलेल्या कुठल्याही घराला कृत्रिम रेतन समजावून सांगावं लागत नाही. कॅनमधली बारीक कांडी, तिच्यात पाव मिलिलिटर गोठवलेलं रेत, कोमट पाण्यात वितळवून भरलं की नऊ महिन्यांनी वासरू. माणसाच्या बाबतीतही पद्धत तीच आहे. वीर्यात ग्लिसरॉलसारखं द्रव्य मिसळतात, नाहीतर पेशीतल्या पाण्याचा बर्फ होऊन ती फाटते. ही युक्ती १९४९ मध्ये कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना सापडली. माणसाच्या गोठवलेल्या वीर्यापासून पहिल्यांदा गर्भ राहिल्याची नोंद १९५३ मध्ये झाली. मिश्रण कांड्यांमध्ये किंवा छोट्या कुप्यांमध्ये भरून उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथं जीवनाची सगळी हालचाल थांबते. वीस वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या वीर्यापासूनही निरोगी मुलं झालेली आहेत. गोठवून वितळवण्यात जवळपास निम्मे शुक्राणू मरतात, हे खरं. राहिलेले पुरतात.

पुरतात, कारण १९९२ मध्ये 'इक्सी' आलं. एका अंड्यात एकच शुक्राणू सुईनं सोडायचा. त्याआधी लाखो चांगले शुक्राणू लागत. आता जिवंत असा एक चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी ही नॉर्मलची खालची मर्यादा दिलीय. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे तापामुळं जेमतेम चाळीस लाख होते. कॅन्सरच्या रुग्णांचा काउंट केमोआधीच कमी असणं नेहमीचं आहे, कारण आजार आणि ताप दोन्ही काउंट खाली ओढतात. म्हणून "काउंट कमी आहे, साठवून काय उपयोग" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. आम्ही त्याच्या चार कुप्या भरल्या.

वेळ असेल तर एका आठवड्यात दोन-तीन नमुने देता येतात, मध्ये एक-दोन दिवसांचं अंतर ठेवून. वेळ नसेल तर एक नमुनाही चालतो, त्याच दिवशी. केमो लांबत नाही. नमुना सेंटरमध्येच देणं चांगलं. ते जमत नसेल तर घरून स्वच्छ डबीत, अंगाच्या उबेला धरून, तासाभरात पोहोचवता येतो. साठवण्याआधी रुग्णाच्या रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, गरमी यांची तपासणी करतात. वीर्यात शुक्राणू सापडले नाहीत तर वृषणातून छोट्या शस्त्रक्रियेनं ते शोधता येतात, तेही केमोआधी.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळायची. पहिला डोस सुरू झाल्यावर "आता देऊन टाकतो" असं करायचं नाही. त्या काळात वीर्यात दिसणारे शुक्राणू हे औषध लागलेले, डीएनए दुखावलेले असण्याची शक्यता असते. ऊस हिरवा दिसतो म्हणून तो बेण्याला घ्यायचा नसतो.

केमोच्या काळात गोळ्या-इंजेक्शननं वृषण झोपवून ठेवले तर मूळपेशी वाचतील, असं पूर्वी वाटायचं. पुरुषांमध्ये ते चाललेलं नाही. आणि केमो चालू असताना बाजारातली काउंट वाढवणारी चूर्णं घेणं हा पैशाचा आणि कधी तब्येतीचाही नाश आहे.

वयात न आलेल्या मुलांचं दुखणं वेगळं. त्यांच्या वृषणात शुक्राणू तयारच होत नसतात, त्यामुळं गोठवायला काही नसतं. वृषणाचा तुकडा काढून साठवण्याचे प्रयोग जगात काही ठिकाणी चालू आहेत, पण ते प्रयोगच आहेत. या मुलांच्या आईवडिलांनी औषधांची नावं आणि एकूण मात्रा लिहून ठेवणं एवढं आज नक्की करता येतं, कारण पंधरा वर्षांनी तो कागद मुलाला लागेल. आणि सायक्लोफॉस्फामाइड फक्त कॅन्सरला देतात असं नाही. मूत्रपिंडाच्या काही आजारांत आणि शरीर स्वतःवरच उलटतं अशा ल्युपससारख्या आजारांतही ते देतात. तिथंही हाच प्रश्न विचारायचा.

केमो संपल्यावर

केमो चालू असताना आणि संपल्यावर निदान सहा महिने, डॉक्टर सांगतील तर वर्ष-दोन वर्षं, मूल राहू द्यायचं नाही. या काळात निरोध वापरायचा. "केमोनं काउंट गेलाच असेल" या भरवशावर राहिलेल्या जोडप्यांना दिवस गेल्याची उदाहरणं आहेत. काउंट शून्य असल्याचं तपासल्याशिवाय कळत नाही, आणि आज शून्य असला तरी पुढच्या वर्षी तो परत येऊ शकतो. संपल्यानंतर वर्षानं एकदा वीर्य तपासावं. शून्य आला तर पुन्हा काही महिन्यांनी, पुन्हा वर्षानं तपासत राहावं. काही बुडख्यांना फुटवा उशिरा येतो. पाच वर्षांनीही शुक्राणू परतलेले पुरुष आहेत. रक्तातलं एफएसएच हे हार्मोन फार चढलेलं असेल तर मेंदू वृषणाला हाका मारतोय आणि तिकडून उत्तर येत नाही, असा त्याचा अर्थ. टेस्टोस्टेरॉनही तपासून घ्यावं, कारण मोठ्या उपचारांनंतर काहींचं ते कमी राहतं आणि त्यावर इलाज आहे.

काउंट शून्यच राहिला तरी दार पूर्ण बंद झालेलं नसतं. मायक्रोस्कोपखाली वृषण उघडून कुठल्या तरी नळीत बनणारे थोडे शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया १९९९ पासून होते आहे. केमोमुळं शून्यावर गेलेल्या पुरुषांमध्ये साधारण तिघांतल्या एकाला त्यातून शुक्राणू मिळतात. त्या खानापूरच्या मुलाला मी हे सांगितलं. त्यानं पुण्याला जाऊन ती करून घेतली. शुक्राणू मिळाले नाहीत. त्या दोघांनी पुढं काय ठरवलं ते त्यांचं आहे.

बरे झालेल्यांच्या मुलांची भीती सगळ्यांनाच असते. केमोनंतर पुरेसा काळ जाऊ दिलेल्या पुरुषांच्या मुलांमध्ये केमोमुळं जन्मतः व्यंगाचं प्रमाण वाढलेलं बहुतेक मोठ्या अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही. बापाचा कॅन्सर मुलात उतरतोही क्वचितच. डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमासारखे थोडे आनुवंशिक प्रकार सोडले तर तसं होत नाही.

राहिला कागदांचा विषय. २०२१ च्या कायद्यानुसार अशा प्रत्येक बँकेची आणि सेंटरची सरकारदरबारी नोंदणी लागते, तो क्रमांक विचारून घ्या. साठवणुकीचं दरवर्षी भाडं भरावं लागतं. ते थकलं तर काय करणार हे आधीच लेखी घ्या, कारण केमोच्या धावपळीत आणि नंतर बरं वाटल्यावर हे पैसे हमखास विसरले जातात. संमतीपत्रात एक अवघड रकाना असतो, माणूस गेला तर या नमुन्याचं काय करायचं. तो रिकामा सोडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं केमोआधी वीर्य साठवून नंतर वारलेल्या एका अविवाहित तरुणाचा नमुना त्याच्या आईवडिलांना द्यायचा आदेश दिला. पण तिथवर पोहोचायला त्या वृद्ध जोडप्याला काही वर्षं कोर्टात काढावी लागली.

आणि डॉक्टरांना हे विचारायचं कसं, असं मला रुग्ण हळू आवाजात विचारतात. एवढंच म्हणायचं: "डॉक्टर, या औषधांनी मला पुढं मूल होण्यात अडचण येईल का, आणि सुरू करण्याआधी वीर्य साठवायला एक दिवस मिळेल का?" रुग्णाला बोलायला अवघड वाटत असेल तर बरोबरच्या मावशीनं, भावानं, कुणीही विचारावं. लग्न झालेलं नसलं तरी विचारावं, दोन मुलं आधी असली तरी विचारावं.

मिळालेली पावती, कुपीवरचा नंबर आणि संमतीपत्राची झेरॉक्स केमोच्या फाइलमध्येच लावा, पहिल्या पानाच्या मागं. ती फाइल घरात कुठं असते हे सगळ्यांना ठाऊक असतं.